रोमँटिक सस्पेन्स आवडतं, पण रक्तपात झेपत नाही? मग असं वाचा

रोमँटिक सस्पेन्स, म्हणजे प्रेमकथा आणि जिवावरचं रहस्य एकत्र गुंफलेल्या कादंबऱ्या, वाचणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. जोडी झकास, संवाद खुसखुशीत, रहस्य शेवटपर्यंत ताणलेलं. पण मध्येच कुठल्याशा तळघरातली चार पानं अशी येतात की पुस्तक मिटावंसं वाटतं, आणि मिटलं तरी ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. मग काहीजण हा प्रकारच सोडून देतात. काहीजण दातओठ खाऊन शब्द न् शब्द वाचतात, जणू एखादं पान गाळलं तर मार्क कापले जाणार आहेत. दोन्हीची गरज नाही. या कादंबऱ्यांत हिंसा कुठे येते, कशासाठी येते आणि तिच्यातून कथेला काय मिळतं, याच्या वाटा बऱ्याच अंशी ठरून गेल्या आहेत. त्या ओळखता आल्या की कुठलं पान वाचायचं आणि कुठलं ओलांडायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी थोडं मागे जाऊ

या प्रकाराच्या पूर्वजांत रक्त फारसं नव्हतंच. डाफ्ने द्यू मोरिएची 'रिबेका' १९३८ सालची. (आपल्याकडे १९६४ साली 'कोहरा' आला तो तिच्यावरूनच.) तिच्यात मृत्यू आहे, धाक आहे, संशय आहे, पण जखमांची वर्णनं नाहीत. मेरी स्टुअर्टच्या १९५०च्या दशकातल्या कादंबऱ्यांचंही तसंच. 'नाइन कोचेस वेटिंग'मध्ये (१९५८) फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या एका वाड्यात लहानग्या वारसदाराच्या जिवावर कुणीतरी उठलंय, आणि त्याला सांभाळायला आलेली तरुणी त्याच घराण्यातल्या माणसाच्या प्रेमात पडलीय. रानात गोळी सुटते, छाती धडधडते, आणि तरीही रात्री शांत झोप लागते. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या वाचकांना ही जात लगेच ओळखीची वाटेल: धमाल सगळी पाठलागात.

पुढे थ्रिलरचा बाजच बदलला. १९८८ साली 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' आली, १९९१ साली तिच्यावरचा चित्रपट आला, आणि सिरीयल किलर, प्रोफायलर (गुन्ह्यावरून गुन्हेगाराचा स्वभाव ताडणारा तज्ज्ञ), शवविच्छेदनाचं टेबल हे सगळं लोकप्रिय कादंबरीचं नेहमीचं सामान झालं. रोमँटिक सस्पेन्सनेही ते उचललं. नोरा रॉबर्ट्सने जे. डी. रॉब या नावाने १९९५ साली सुरू केलेली 'इन डेथ' मालिका पन्नासाच्या पुढे गेली आहे, आणि तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक एका प्रेतापासून सुरू होतं.

मग हिंसा नुसती विक्रीसाठी घातलेली असते का? काही पुस्तकांत हो, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सगळ्यांत नाही. भीती आणि ओढ यांचं नातं लेखकांना पक्कं ठाऊक असतं. १९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पुलावर एक तरुणी पुरुषांना थोडे प्रश्न विचारायची आणि शेवटी आपला फोन नंबर द्यायची. जवळच्याच भक्कम, कमी उंचीच्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा झुलत्या पुलावर भेटलेल्यांनी तिला नंतर जास्त फोन केले. भीतीने वाढलेली धडधड त्यांनी आकर्षणाच्या खात्यावर टाकली, असा अर्थ काढला गेला. या प्रयोगावर वाद झाले आहेत, पण कादंबरीत ही युक्ती हमखास चालते. पाठलागानंतरच्या प्रकरणातच पहिलं चुंबन का असतं, ते यावरून कळेल.

यातली कामाची गोष्ट अशी की धडधड धोक्यामुळे होते. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, एवढं पुरतं. चाकू किती आत गेला हे वाचून ती वाढत नाही, उलट किळस येऊन ती मरते. म्हणून धोका वाचायचा आणि जखम ओलांडायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: आपल्याला नक्की काय सोसत नाही?

'मला हिंसा चालत नाही' हे उत्तर फार ढोबळ आहे. त्याने पुस्तक निवडायला मदत होत नाही. मागच्या दोन-तीन पुस्तकांत नेमकं कुठे थांबावंसं वाटलं ते आठवा. सापडलेल्या प्रेताचं वर्णन आणि चालू असलेला छळ यांत पुष्कळ फरक आहे. पोलिसांच्या नजरेतून, काम म्हणून लिहिलेलं प्रेत अनेकांना चालतं. तोच खून मरणाऱ्या बाईच्या मनातून लिहिला की चालत नाही. कुणाला रक्ताचं काही वाटत नाही, पण कोंडून ठेवलेल्या माणसाचं वाचताना श्वास अडकतो. लैंगिक हिंसा, लहान मुलं, मुके प्राणी हे तिन्ही वेगळेच विषय. एरवी निबर असलेले वाचकही तिथे कोलमडतात.

दृष्टिकोन कुणाचा आहे, हे यात सगळ्यात महत्त्वाचं. तोच प्रसंग तपास करणारा सांगतो, बळी सांगतो की मारणारा सांगतो, यावर सगळं ठरतं. मारणाऱ्याच्या मनात बसून त्याचा आनंद वाचावा लागणं हेच बहुतेकांचं खरं दुखणं असतं, आणि ते त्यांच्या लक्षात आलेलं नसतं. फोनवर तीन ओळींची नोंद करून ठेवा: अजिबात नको, थोडं चालेल, फरक पडत नाही. पुढे पुस्तक निवडताना ती उपयोगी पडेल.

पायरी २: डार्क रोमान्स बाजूला काढा

इन्स्टाग्रामच्या रील्सवर हे दोन्ही प्रकार एकाच टोपलीत विकले जातात, आणि तिथेच वाचकाची फसगत होते. रोमँटिक सस्पेन्समध्ये धोका बाहेरून येतो आणि नायक-नायिका त्याच्याविरुद्ध एका बाजूला असतात. एकमेकांवर संशय घेतात, भांडतात, पण शेवटी पाठीला पाठ लावून उभे राहतात. डार्क रोमान्समध्ये बहुतेक वेळा नायकच धोका असतो: पळवून नेणारा, पाळत ठेवणारा, माफियातला. तिथे हिंसा प्रेमकथेतच विणलेली असते, त्यामुळे पानं गाळून वाचायची सोय राहत नाही. गाळायला गेलात तर हातात काही उरत नाही. तो प्रकार आवडणाऱ्यांना तो लखलाभ. पण या लेखातल्या युक्त्या तिथे चालणार नाहीत, हे घेण्याआधी माहीत असू द्या.

पायरी ३: घेण्याआधी चौकशी

मागच्या कव्हरवरचा मजकूर बराच बोलका असतो. 'छोट्या गावात परतलेली नायिका', 'जुनं गुपित', 'बॉडीगार्ड', 'साक्षीदार' असे शब्द असतील तर साधारणपणे हिंसा मध्यम असते. 'विकृत', 'खेळ', 'त्याचा पुढचा बळी', 'प्रोफायलर' असं काही दिसलं की मारणाऱ्याच्या मनातली प्रकरणं असणारच असं धरून चाला.

त्यानंतर स्टोरीग्राफ हे ॲप बघा. त्यात वाचकांनी पुस्तकांना कंटेंट वॉर्निंग, म्हणजे त्रासदायक मजकुराच्या सूचना, दिलेल्या असतात, आणि तीव्रतेप्रमाणे तीन गटांत मांडलेल्या असतात: ग्राफिक, मॉडरेट आणि मायनर. कोणती गोष्ट किती जणांनी नोंदवली तेही दिसतं. एकट्याच वाचकाने 'ग्राफिक' म्हटलं असेल तर त्याचं कातडं पातळ असू शकतं. चाळीस जणांनी म्हटलं असेल तर विश्वास ठेवा. 'डझ द डॉग डाय' ही साइट चित्रपटांसाठी प्रसिद्ध असली तरी तिच्यावर पुस्तकंही असतात, आणि कुत्रा मरतो का, छळ आहे का, अशा थेट प्रश्नांना वाचकांची हो-नाही मतं मिळतात.

रिव्ह्यू वाचायचे तर एक आणि दोन स्टारवाले वाचा. पाच स्टारवाला 'अंगावर काटा आला!' एवढंच लिहून मोकळा होतो. चिडलेला वाचक मात्र कुठल्या प्रकरणात काय झालं ते तपशिलात लिहितो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

किंडलवर फुकट मिळणारं सॅम्पलही उतरवून घ्या. प्रस्तावनेचं प्रकरण, म्हणजे प्रोलॉग, जवळजवळ नेहमी त्यात येतं, आणि या प्रकारातलं सगळ्यात वाईट दृश्य पुष्कळदा तिथेच घातलेलं असतं. ते झेपलं तर बाकीचं पुस्तक बहुधा झेपेल.

पायरी ४: शेवट माहीत करून घ्या

इथे अट्टल रहस्यवाचक नाक मुरडतील. पण प्रेमकथेचा शेवट तसाही ठरलेलाच आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्याच अशी की मध्यवर्ती प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे नायिका मरणार नाही. अर्धी भीती इथेच गेली.

उरलेल्या अर्ध्यासाठी खुनी कोण हेही पाहून घेतलं तर मजा जाते का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली लोकांना कथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा किंचित जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतरच्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आले, तेव्हा हा काही नियम नाही. पण शेवट कळला की पुस्तक मातीत गेलं, ही समजूत तितकीशी खरी नाही एवढं नक्की. मला स्वतःला खुनी माहीत असताना लेखिकेची चलाखी पाहायला जास्त मजा येते. ती कुठे डोळ्यांत धूळ फेकतेय ते दिसतं.

खुन्याचं नाव नको असेल तर निदान एवढं विचारून घ्या: नायिकेची मैत्रीण, बहीण, कुत्रं, यांपैकी कोण वाचतं? मन त्यातच अडकून बसलेलं असतं.

पायरी ५: पानं ओलांडायची कशी

डोळे मिटून दहा पानं उलटली तर दुवे निसटतात आणि पुढे कंटाळा येतो. म्हणून काय शोधायचं ते ठरवून ओलांडायचं.

पहिली खूण म्हणजे तिरपी अक्षरं. मारणाऱ्याच्या मनातली प्रकरणं अनेक लेखिका इटॅलिक्समध्ये छापतात किंवा ती अगदी छोटी, दोन-तीन पानांची ठेवतात. त्यांत त्याचं नाव नसतं, नुसतं 'तो' असतं. पान उलटल्यावर तिरप्या अक्षरांचा ठोकळा आणि नाव नसलेला 'तो' दिसला की सावध व्हा.

आता अशा एका प्रकरणाचं काय करायचं ते नीट बघू. समजा, 'तो' तळघराचा जिना उतरतोय. खाली कोंडलेली बाई आहे. पुढे अडीच पानं काय होणार हे सांगायला नको. पहिला परिच्छेद वाचा. जागा आणि वेळ तिथे कळते. मग नजर खाली सोडा आणि फक्त अवतरणचिन्हं शोधा. तो बोलत असेल तर ते वाचा, कारण त्याची ठरावीक लकब, एखादं लाडाचं संबोधन, जुन्या शाळेचा उल्लेख असं काही पुढे नायिकेच्या ओळखीच्या माणसाच्या तोंडी येणार असतं. शेवटचा परिच्छेद पूर्ण वाचा, कारण पुढचा धोका तिथे लिहिलेला असतो: त्याने नायिकेचा फोटो भिंतीवर लावलाय, किंवा तिच्या घराची किल्ली त्याच्याकडे आहे. मधलं सगळं सोडून द्या. कथेला त्या अडीच पानांतून एवढंच हवं होतं: तो डावखुरा आहे, त्याच्या अंगाला लवंगेचा वास येतो, आणि आता पाळी नायिकेची आहे. वास, हात, गाडी, बोलायची लकब, एखादी वस्तू. रहस्याचे धागे याच चार-पाच गोष्टींत असतात आणि एकेका वाक्यात सांगितलेले असतात. चुकून एखादा सुटला तरी बिघडत नाही. पुढच्याच प्रकरणात दोन पोलीस कॉफी पीत सगळं पुन्हा बोलतात. लेखिकेलाही माहीत असतं की लोक झोपाळलेले असताना वाचतात.

किंडलवर अजून सोपं. पुस्तकात शोधायची सोय वापरून नायिकेचं नाव टाका. ते पुढे कुठल्या ठिकाणी येतंय ते दिसतं. खुन्याच्या प्रकरणात ती सहसा प्रत्यक्ष नसते, त्यामुळे तिचं नाव जिथे पुन्हा वारंवार यायला लागतं तिथून वाचायला घ्या. खालच्या कोपऱ्यात 'प्रकरण संपायला किती मिनिटं' हे दाखवायची सेटिंगही चालू ठेवा. 'तीन मिनिटं' दिसलं की धीर धरता येतो. अक्षरं मोठी केली तर एका पानावर कमी ओळी मावतात आणि नको ते वाक्य आधीच नजरेत शिरत नाही.

शेवटच्या झटापटीचं प्रकरण मात्र शक्यतो गाळू नका. तिथे हिंसा असते, पण त्याच प्रकरणात नायिका स्वतःची सुटका करून घेते, किंवा दोघं मिळून घेतात. तीनशे पानांचा ताण तिथे मोकळा होतो. ते गाळलं तर उपसंहारातलं लग्न आणि बाळ उगाच आल्यासारखं वाटतं. फार झालं तर आधी उपसंहार वाचा, सगळे हयात असल्याची खात्री करा, आणि मागे येऊन झटापट वाचा.

पायरी ६: कशावर आणि कधी

ऑडिओबुक या कामाला सगळ्यात गैरसोयीचं. कागदावर नजर पुढे टाकता येते, कानाला ते जमत नाही. त्यात वाचणारा कलाकार चांगला असला तर मारणाऱ्याचा आवाज असा काढतो की छापील शब्दापेक्षा दुप्पट बोचतो. ऐकायचंच असेल तर तीस सेकंद पुढे न्यायचं बटण अंगठ्याखाली ठेवा, किंवा तेवढ्यापुरता वेग वाढवा. दीडपट वेगात कुठलाही खुनी हास्यास्पद वाटतो.

अंथरुणात पडून वाचायची सवय सुटत नसेल तर निदान तिरप्या अक्षरांच्या प्रकरणावर पुस्तक मिटू नका. एखादं संवादाचं, स्वयंपाकघरातलं, दोघांच्या चिडवाचिडवीचं पान पुढे असतंच. तिथपर्यंत जाऊन थांबा. लोकलमध्ये, दुपारी, चारचौघांत ही पुस्तकं जास्त झेपतात. एकामागून एक तीन वाचू नका, मध्ये काहीतरी हलकं घ्या.

पायरी ७: चित्र डोक्यात बसलंच तर

एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्रासदायक दृश्यांची फिल्म दाखवली, आणि अर्ध्या तासाने त्यांतल्या काहींना टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात खेळणाऱ्यांना ती दृश्यं कमी वेळा आपोआप आठवली. डोळ्यांनी करायच्या कामाने मनातल्या चित्राची जागा अडवली, असं त्याचं स्पष्टीकरण. प्रयोग फिल्मवर होता, कादंबरीवर नव्हता. पण करून बघायला पैसे पडत नाहीत. टेट्रिस, जिगसॉ, रंगांचे ठोकळे जुळवायचा कुठलाही खेळ, रांगोळीचे ठिपके. नुसतं 'विचार करायचा नाही' असं स्वतःला बजावून काही होत नाही.

स्वतःच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टीशी पुस्तकातलं काही जुळलं आणि झोप उडाली, जुन्या आठवणी पुन्हा पुन्हा यायला लागल्या, तर पुस्तक ताबडतोब बाजूला ठेवा. हा वाचनाच्या युक्त्यांचा विषय राहिलेला नसतो. विश्वासातल्या माणसाशी बोला; टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे.

पायरी ८: सुरुवात कुठून

पायाखाली घट्ट जमीन हवी असेल तर मेरी स्टुअर्टपासून. भाषा सुंदर, प्रवासवर्णन फुकट, आणि क्रीट बेटावरची 'द मून-स्पिनर्स' (१९६२) तर सुट्टीत वाचावी अशी.

मग हार्लेक्विन या प्रकाशनाची इंट्रीग ही मालिका, १९८४ पासून चालू असलेली. सव्वादोनशे-अडीचशे पानांची आटोपशीर पुस्तकं, पाठलाग भरपूर, चिरफाड बेताची. सगळी चांगली असतात असं अजिबात नाही. पण जुन्या पुस्तकांच्या दुकानात कवडीमोलाने मिळतात, नाही आवडलं तर हळहळ वाटत नाही, आणि आपली सहनशक्ती तपासायला याहून स्वस्त साधन नाही.

पुढची पायरी लिंडा हॉवर्डची 'मिस्टर परफेक्ट' (२०००). चार मैत्रिणी गंमत म्हणून आदर्श पुरुषाची यादी करतात, ती बाहेर फुटते, आणि कुणीतरी त्यांच्या जिवावर उठतं. पहिला भाग इतका विनोदी आहे की खून आल्यावर धक्का जास्त बसतो. तेवढं धरून चला.

त्यानंतर जे. डी. रॉब. २०५८ सालचं न्यूयॉर्क, पोलीस लेफ्टनंट ईव्ह डॅलस आणि अब्जाधीश रोर्क. इथे खून भीषण असतात, पण ते बहुतांशी ईव्हच्या कामाच्या नजरेतून येतात, म्हणून पुष्कळांना झेपतात. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: ईव्हचं बालपण अत्याचारात गेलेलं आहे आणि त्या आठवणी मालिकेत वारंवार येतात. लहान मुलांवरची हिंसा तुमच्या 'अजिबात नको'मध्ये असेल तर ही मालिका सोडा, कितीही मैत्रिणींनी गळ घातली तरी.

कॅरेन रोझ सगळ्यात शेवटी. जाडजूड पुस्तकं, एकापेक्षा जास्त जोड्या, पुस्तकागणिक एकमेकांत गुंतलेली पात्रं, आणि मारणाऱ्याच्या मनातली पानं मुबलक. तिथे पोचाल तेव्हा पेन्सिल जवळ असू द्या. ओलांडलेल्या प्रकरणांच्या कडेला बारीक फुली मारून ठेवली, की पुस्तक पुढे कुणाला वाचायला दिलं तर तिलाही सोय होते.